जहाजावरची शिवणाची पिशवी

गेल्या महिन्यात पुण्याहून माझ्या भाचीचा फोन आला. ती आणि तिच्या ऑफिसातल्या तिघी मैत्रिणी मुंबईहून गोव्याला क्रूझनं जाणार होत्या. कपडे कोणते न्यावेत, बोट लागली तर काय करावं, असं बरंच काही विचारून झाल्यावर ती जरा चाचरत म्हणाली, "खाला, माझी भरतकामाची रिंग बरोबर नेऊ का? की लोक हसतील?"

मी म्हटलं, "खुशाल ने. आपल्या घरातली शिवणाची पिशवी जहाजावर जाण्याची ही पहिली वेळ नाही."

तिला हे ठाऊक नव्हतं. तिचंही बरोबर आहे. समुद्रावर मौजेखातर जायचं, ही गोष्ट आपल्याकडे अगदी अलीकडची. आमच्या मराठवाड्याला तर समुद्रच नाही. शहागंजातल्या माझ्या लहानपणी 'जहाज' या शब्दाचा एकच अर्थ होता, हजचं जहाज. ते मुंबईहून सुटायचं आणि जिद्द्याला लागायचं. त्या जहाजावर आमच्या दादी शिवणाची पिशवी घेऊन गेल्या होत्या. शहराचं नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झालं. ही हकिगत औरंगाबादच्या दिवसांतली आहे, म्हणून इथं जुनंच नाव घेते.

दादींची गोष्ट सांगण्याआधी थोडं मागं जायला हवं. हिंदुस्थानातल्या बायका समुद्र ओलांडून हजला जात आल्या, त्याला शतकं लोटली. बाबराची मुलगी आणि अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७५ साली फतेहपूर सिक्रीहून निघाली. बरोबर राजघराण्यातल्या इतर स्त्रिया होत्या. सुरतेला बरेच दिवस थांबून 'सलीमी' आणि 'इलाही' या जहाजांनी त्या पुढं गेल्या. तीनहून अधिक वर्षं तिकडं राहिल्या. परतताना एडनजवळ जहाज फुटलं, मुक्काम लांबला, आणि १५८२ साली त्या घरी पोचल्या. या गुलबदन बेगमनं पुढं 'हुमायूँनामा' लिहिला. त्यात भावाची युद्धं आहेत, घरातली लग्नं आहेत, पण आज जी प्रत मिळते ती या सफरीच्या आधीच संपते. एवढी मोठी सफर केलेल्या बाईच्या स्वतःच्या शब्दांत तिची सफर आपल्याला वाचायला मिळत नाही.

हा प्रवास सोपा कधीच नव्हता. १६९५ साली औरंगजेबाचं 'गंज-ए-सवाई' हे मोठं जहाज हजचे यात्रेकरू घेऊन सुरतेकडं येत असताना हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्यानं लुटलं. जहाजावरच्या बायकांवर जे अत्याचार झाले, ते त्या काळच्या इतिहासकारांनी नोंदवले आहेत. तरी बायका जात राहिल्या. भोपाळच्या नवाब सिकंदर बेगम १८६४ साली मुंबईहून जहाजानं जिद्द्याला गेल्या. त्यांनी मात्र सारी हकिगत लिहून ठेवली आणि १८७० साली तिचा इंग्रजी अनुवाद पुस्तकरूपानं निघाला.

१८६९ साली सुएझचा कालवा उघडला आणि आगबोटींची वर्दळ वाढली. १८७७ साली मुंबईत 'बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी' निघाली. तीच पुढं 'मुघल लाइन' म्हणून घराघरांत माहीत झाली. यात्रेकरूंचे हाल इतके होते की १८८६ साली सरकारनं थॉमस कुक या कंपनीकडं हजच्या प्रवासाची व्यवस्था सोपवली. आज सहलींसाठी जे नाव आपण ऐकतो, तेच हे. काही वर्षांत कंपनीनं हे काम सोडलं. त्या काळी तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर जहाजं थांबवून यात्रेकरूंना साथीच्या भीतीनं अलग ठेवत. कोण किती माणसं घेऊन निघालं, किती पोचली, किती आजारी पडली, हे सगळं सरकारी दप्तरांत आहे. त्या दिवसांत जहाजावर बायका काय करत होत्या, हे मात्र दप्तरात सापडायचं नाही. ते घराघरांतल्या आठवणींत शोधावं लागतं. म्हणून ही आमच्या घरातली आठवण.

१९८१ साली दादींचा हज ठरला. त्या वर्षी हजचे दिवस ऑक्टोबरात येत होते. जहाज ऑगस्टमध्ये, भर पावसाळ्यात निघणार होतं. बरोबर माझे चाचा होते. दोन महिने आधीपासून घरात माणसांची ये-जा सुरू झाली. हजला जाणारा माणूस उधारी फेडून, सगळ्यांची माफी मागून निघतो. दादी शहागंजाच्या घड्याळाच्या मनोऱ्यापासून सिटी चौकापर्यंत ओळखीच्या घरोघर जाऊन आल्या. "कहा-सुना माफ करना" एवढंच म्हणायच्या. एका शेजारणीशी त्यांचं सात वर्षं बोलणं नव्हतं. तिच्याकडंही गेल्या, आणि येताना तिच्याकडून लोणच्याची बरणी घेऊन आल्या.

पत्र्याच्या पेटीत काय काय भरलं ते मला अजून आठवतं. तांदूळ, डाळ, भाजलेला रवा, सुक्या खोबऱ्याची चटणी, लिंबाचं लोणचं, औषधं. एका पांढऱ्या फडक्यात स्वतःचं कफन. हे त्या वेळी रीतीचंच होतं. वाटेत काही झालं तर परक्यांना त्रास नको, आणि परतलोच तर ते कापड जमजमच्या पाण्यात धुऊन घरी आणायचं आणि जपून ठेवायचं. आणि सगळ्यांत वर शिवणाची पिशवी.

दादी शिवणकामात तरबेज होत्या. घरात उषाचं मशिन होतं, पण ते अम्मीचं. दादींचा विश्वास हातावर. धावदोरा, उलटी टीप, तुरपाई, काजं, सगळं हातानं. आता नजर मात्र अधू झाली होती. टाका चुकायचा नाही, पण सुईत दोरा ओवता यायचा नाही. ते काम माझं होतं. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला पाठवून शहागंजातल्या कटलरीच्या दुकानातून सुयांची पाकिटं आणि पांढऱ्या दोऱ्याची रिळं आणवली. मग ओसरीवर बसवून म्हणाल्या, "मेरे कू दिखता नई बेटी, तू सब सुयाँ पिरो के दे." मी पंचवीस सुया ओवल्या. प्रत्येकीत हातभर लांब दोरा. त्या त्यांनी लोकरीच्या एका तुकड्यात ओळीनं टोचल्या, वर बोटानं किंचित खोबरेल फिरवलं, कारण खाऱ्या हवेत सुई लगेच गंजते असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. लहान कात्री नाडीला बांधून कमरेला अडकवली.

औरंगाबादहून मीटरगेजची गाडी, मनमाडला बदल, मग मुंबई. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या हाजी साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम. तिथून गोदी, आणि गोदीतून 'अकबर' जहाज. पुढचं सगळं मी दादींच्या तोंडून ऐकलेलं. त्या आठवणी त्यांनी मरेपर्यंत सांगितल्या आणि प्रत्येक वेळी त्याच क्रमानं सांगितल्या.

त्यांची जागा बंक क्लासमध्ये, खाली. पहिले दोन दिवस कुणी उठलंच नाही. पावसाळ्याचा समुद्र, जहाज पाळण्यासारखं हलतं, सगळीकडं लिंबाचा आणि ओकारीचा वास. तिसऱ्या दिवशी दादी वर डेकवर आल्या आणि पिशवी उघडली. हलत्या जहाजावर शिवताना चक्कर येते. त्यांनी युक्ती काढली. चार टाके घालायचे, मान वर करून लांब पाण्याच्या रेषेकडं बघायचं, पुन्हा चार टाके. बघता बघता भोवती बायका जमल्या. कुणी केरळातली, कुणी बिहारची, कुणी आपल्या नांदेड-परभणीकडची. एकमेकींची भाषा धड कळत नव्हती. पण कुणी तुरपाई कशी घालते हे बघायला भाषा लागत नाही.

आता कुणी म्हणेल, इबादतीच्या प्रवासात शिवणकाम कशाला? तर कामं भरपूर होती. शैतानाला मारायचे खडे मुज्दलफात गोळा करतात. ते मुक्कामानुसार माणशी एकोणपन्नास किंवा सत्तर लागतात. ते ठेवायला थैली हवी. काबागृहाच्या मशिदीत शिरताना चपला काढून बरोबर ठेवायच्या तर गळ्यात अडकवायची पिशवी हवी. पैसे आणि पासपोर्ट ठेवायला कमरेचा पट्टा हवा. १९५९ साली रिझर्व्ह बँकेनं हाजींसाठी दहा आणि शंभर रुपयांच्या वेगळ्या नोटा काढल्या होत्या. त्या वेळी गेलेल्या आमच्या एका नातेवाईक बाईंनी त्या नोटा अंगरख्याच्या आत शिवून नेल्याचं दादी सांगत. शिवाय सगळ्यांचे बिस्तरे एकसारखे, म्हणून गाठोड्यावर रंगीत दोऱ्यानं खूण घालून घ्यायला माणसं येत. दादींना उर्दू अक्षरं येत होती. बाकीच्यांसाठी त्या फूल, चांद, मासा अशा खुणा घालून देत.

एक शिस्त त्यांनी घातली होती. मगरिबची नमाज व्हायच्या आत सगळ्या सुया मोजायच्या. डेकवर माणसं अनवाणी चालतात, तिथंच कपाळ टेकतात. एक सुई पडली तर कुणाच्या तरी पायात जाणार. रोज पंचवीस भरल्या की मगच पिशवी बंद.

या सगळ्यात एक गंमत आहे. ज्या ठिकाणी हे जहाज चाललं होतं, तिथं पुरुषांना शिवलेला कपडा चालत नाही. इहराम म्हणजे दोन कोऱ्या चादरी, एक नेसायची, एक पांघरायची. राजा असो की हमाल, बाही नाही, गळा नाही, खिसा नाही. बायकांना शिवलेले कपडे चालतात. यलमलम नावाची टेकडी आहे, हिंदुस्थानकडून जाणाऱ्यांनी तिच्या हद्दीपाशी इहराम बांधायचा असतो. जहाज त्या रेषेत आलं की भोंगा वाजायचा. दादी सांगत, भोंगा झाला आणि अर्ध्या घटकेत सगळे पुरुष एकसारखे दिसू लागले. चाचांना त्यांनी चपलेवरून ओळखलं.

आमच्या गावाला शिवण आणि इबादत यांचं नातं नवं नाही. इथला मशरू प्रसिद्ध आहे, वरून रेशीम आणि अंगाला लागणारी बाजू सुताची. पुरुषांनी निव्वळ रेशीम अंगाला लावू नये म्हणून ही तोड, आणि नावाचा अर्थच मुळी 'शरियतला चालणारं'. खुल्दाबादला औरंगजेबाची साधी कबर आहे. बादशहाविषयी ज्याचं जे मत असेल ते असो, पण त्याचं मृत्युपत्र म्हणून जो मजकूर सांगितला जातो, त्यात टोप्या शिवून मिळालेले चार रुपये दोन आणे आपल्या कफनाला लावावेत असं म्हटलं आहे. ही गोष्ट दादींना पाठ होती. जहाजावर बायकांना त्या सांगत असत. पाचव्या दिवशी तिचा असा काही संबंध येईल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

त्या घोळक्यात केरळची एक म्हातारी होती. दादींपेक्षाही वयानं मोठी. नातवासाठी बारीक झबलं शिवत होती. तिचा टाका इतका बारीक की दादींना तो दिसायचा नाही, बोटानं चाचपून बघायच्या. दोघींना एकमेकींचं नावही नीट उच्चारता येत नव्हतं. पाचव्या दिवशी पहाटे ती झोपेतच गेली. तिच्या नवऱ्याकडं सामान थोडं. एक पेटी मुंबईच्या गडबडीत कुठं तरी राहून गेली होती, आणि तिचं कफन त्याच पेटीत होतं.

दादी खाली गेल्या, पत्र्याची पेटी उघडली आणि आपलं पांढरं फडकं काढून आणलं. चाचा म्हणाले, "अम्मी, आपका क्या?" त्या म्हणाल्या, "मक्के में कपडे की दुकानाँ नईं क्या?" बायकांनी मिळून गुस्ल दिला. आमच्याकडं कफन शिवत नाहीत. कापड फाडून, गळ्यापाशी चीर देऊन तसंच गुंडाळतात. म्हणजे जिवंतपणी इहरामला टाका नाही आणि मेल्यावर कफनालाही नाही. पण समुद्रात दफन करायचं तर बाहेरून जाड कापड लागतं, पायाशी वजन लागतं, आणि ते मात्र शिवावं लागतं.

जहाजावरचे बरेच खलाशी रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान होते. आगबोटींवर कोकणातली माणसं पिढ्यान् पिढ्या काम करत आली आहेत. त्यातला एक जण कॅनव्हास घेऊन आला. पण पहिला टाका बायकांपैकी कुणीतरी घालावा असं दादींच्या मनात आलं. त्यांनी आपली सुई काढली. ती त्या जाड कापडात जेमतेम शिरली आणि वाकली. खलाशी मराठीतच म्हणाला, "आजी, हे तुमच्या सुईचं काम नव्हे. सरा, मी दाभणानं शिवतो." समुद्राच्या मधोमध, एवढ्या अनोळखी भाषांत, कुणीतरी 'आजी' म्हणालं, तेव्हा दादींना पहिल्यांदा रडू आलं. नमाज झाली. जहाजाचा वेग कमी केला. एका फळीवरून ते गाठोडं पाण्यात सोडलं. वाकलेली सुई दादींनी पाठोपाठ समुद्रात टाकली. त्या सुईनं पुन्हा कपडा शिवायचा नाही, असं त्यांनी ठरवलं.

झबलं अर्धं राहिलं होतं. म्हातारीचा नवरा ते हातात धरून बसला होता. दादींनी खुणेनं मागून घेतलं. एक बाई म्हणाली, दोन हातांचे टाके वेगळे दिसतील, आधीचे उसवून नव्यानं शिवा, एकसारखं होईल. दादींनी ऐकलं नाही. जिथं तिचा दोरा संपला होता, तिथून आपला दोरा सुरू केला. जिद्दा यायच्या आधी झबलं पुरं करून त्यांनी ते नवऱ्याच्या हातात दिलं. दादी म्हणायच्या, अर्ध्या शिवणीपर्यंत हात फिरवला तर काही लागायचं नाही, पुढं मात्र माझे जाडे टाके लागायचे. लागू देत. घरी गेल्यावर कळायला हवं, ती कुठपर्यंत आली होती.

नोव्हेंबरात दादी परत आल्या. खजूर, जमजम, तस्बी, आणि मक्क्यात घेतलेलं नवं कफन. मी आधी शिवणाची पिशवी उघडली. लोकरीच्या तुकड्यात सुया मोजल्या. चोवीस. पाच-सहांत मी घातलेला दोरा तसाच होता. बाकीच्या जहाजावर कुणाकुणाकडून ओवून घेतलेल्या, लाल, हिरव्या, काळ्या दोऱ्याच्या. मी विचारलं, "एक कम है, दादी." त्या म्हणाल्या, "एक उनके संगात गई, बेटी." मला त्या वेळी काहीच कळलं नाही. मला वाटलं, सुई भेट दिली.

मुघल लाइन १९८६ साली शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली. १९९५ पासून मुंबई-जिद्दा जहाजानं हजला जाणं बंद झालं. त्यानंतर हज विमानानंच. आमच्या चिकलठाण्याच्या विमानतळावरूनही हाजींची विमानं उडाली. तेरा-चौदा वर्षांपूर्वी माझी बहीण गेली, तेव्हा घरून निघाल्यापासून दुसऱ्या दिवशी ती तिकडं पोचली होती. फार बरं झालं. म्हाताऱ्या माणसांचे हाल वाचले, वाटेतले मृत्यू टळले. ते दिवस परत यावेत असं दादींचं पंचवीस सुयांचं कौतुक करणारी मीसुद्धा म्हणणार नाही. पण त्या आठ दिवसांत अनोळखी बायकांना एकमेकींच्या हाताची जी ओळख व्हायची, तिला विमानात वेळ नाही. आणि कात्री हातसामानात ठेवली तर तपासणीच्या टेबलावरच राहते.

दादी १९९३ साली गेल्या. मक्क्याचं कफन त्यांच्या उपयोगी आलं. लोकरीचा तो तुकडा माझ्याकडं आहे. मी कविता लिहिते, शिवणकाम मला फारसं जमत नाही. तरी एखादी ओळ मध्येच अडली आणि दुसऱ्या दिवशी वेगळ्या मनानं ती पुढं न्यावी लागली, की सांधा दिसेल म्हणून मी आधीची ओळ खोडत नाही.

भाचीला मी ही सगळी गोष्ट फोनवर सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "खाला, मग रिंग नेतेच." मी म्हटलं, "ने. कात्री नाडीला बांध. चार टाके घातलेस की लांब बघ, म्हणजे चक्कर येणार नाही. आणि संध्याकाळी सुया मोज."

मागच्या आठवड्यात ती परतली. गोव्याचे काजू घेऊन शहागंजात मला भेटायला आली. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "सगळ्या आहेत." रिंगमधलं फूल अर्धं झालं होतं. त्यातली दोन पानं वाकडीतिकडी होती. शेजारच्या केबिनमधल्या नागपूरच्या एका आजींनी शिकता शिकता घातलेली. "ती उसवू का?" असं तिनं विचारलं नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)